ढिल्या नटावरची रेघ

पानाताई थंड डोक्याची आहे असं जे सांगतात, त्यांनी तिला तरुणपणी बघितलेलं नाही. थंड-बिंड काही नाही. भट्टी आहे ती. फक्त झाकण लावायला शिकली.

बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये ती चाकं बसवते. फिटरांच्या खात्यात बाई म्हणून एकटीच. हातात कायम नट आवळायचा लांबलचक पाना, म्हणून पानाताई. खरं नाव फक्त आईला आठवतं, तेही चिडली की.

नवीन होती तेव्हाची गोष्ट. एका फोरमननं तिला सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय गं, झेपतोय का पाना, की लाटणं आणून देऊ?" सगळे फिदीफिदी हसले. तिनं पाना उचलला, दोन पावलं पुढे गेली, हात डोक्याच्या वर नेला आणि हात तिथंच थांबला. का थांबला ते तिलाही सांगता येत नाही. फोरमन पांढराफटक पडला होता. पण त्याच्यापेक्षा जास्त तीच घाबरली होती. कारण वर गेलेला तो हात तिनं ओळखला. तो तिच्या बापाचा होता. घरात अगदी असाच वर जायचा, आणि तो काही थांबायचा नाही.

तिनं पाना खाली ठेवला. खाली बसली, बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी उभी राहिली. सगळे बघतच राहिले. वर्कशॉपच्या जमिनीवर लोखंडाचा कीस पडलेला असतो, पत्र्याच्या कपच्या, फुटके वॉशर. अनवाणी माणूस तिथं एक पाऊल टाकायचं म्हटलं तरी आधी खाली बघतो.

"माझा राग आधी पायात येतो," ती नंतर सांगायची. "पाय निघाले की हात त्यांच्या मागनं जातातच. म्हणून पायांनाच अडकवून टाकायचं."

फोरमन म्हणाला, वेडी आहे. वेडी तर वेडी. लाटण्याचं नाव त्यानं परत काढलं नाही.

तेव्हापासून राग आला की बूट बाहेर. हे इतकं माहीत झालं की ती नाडी सोडायला वाकली की आजूबाजूची गर्दी गुपचूप कामाला लागायची.

तिचा धाकटा भाऊ भुंगा. एका जागी बसेल तर शपथ. शाळेनं त्याला सोडलं की त्यानं शाळेला, यावर घरात अजून भांडणं होतात. आता चांगला मिशीवाला बाप्या झालाय, पण भुणभुण तीच. त्याला वर्कशॉपमध्ये चिकटवला ताईनं आणि कामही शिकवलं तिनंच.

ते काम नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. चाकाचा नट पूर्ण आवळला की त्याच्यावरून सरळ चाकापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला की रेघ तुटते, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. ड्रायव्हर गाडी काढण्याआधी वाकून रेघा बघतो. सरळ दिसल्या की चढून बसतो. त्याच्याकडे काही पाना नसतो. त्याच्या भरवशाला रेघ. प्रत्येक फिटरचा आपापला रंग. ताईचा पिवळा, आणि तिच्या हाताखालचा म्हणून भुंग्याचाही पिवळाच.

शिकवताना तिनं त्याचा हात हातात धरून शिकवलं होतं. जुनी रेघ पूस, नट फिरव, नवी रेघ ओढ. पूस, फिरव, ओढ. इतकं घोटून घेतलं की पोराचा हात मध्ये डोक्याला विचारायचाच नाही. पाना खाली, ब्रश वर. त्याच्या त्या हाताचं ताईला फार कौतुक होतं.

मग वर्कशॉपला नवीन मॅनेजर आले. बोलता बोलता सारखं मनगटाकडे बघायचे म्हणून त्यांचं नाव पडलं घड्याळसाहेब. त्यांनी फिटरांना बोलावून सांगितलं, "गाड्या वाढल्यात, माणसं वाढणार नाहीत. रोज उठून सगळे नट काय आवळत बसता? रेघ फिकी झाली असेल तर नुसता रंग फिरवा आणि सोडा गाडी."

ताई म्हणाली, "पाना न लावता रेघ?"

"रेघ गाडीला दाखवायची आहे का लोकांना?" साहेब म्हणाले आणि घड्याळात बघितलं.

ताईनं बूट काढले. साहेबांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्यांना वाटलं पाय दुखत असतील.

तिनं तशी रेघ ओढली नाही. हवाकाकांनी ओढली. हवाकाका म्हणजे सगळ्यात जुने फिटर, सुरुवातीला टायरमध्ये हवा भरायचे म्हणून ते नाव. त्यांनी घाबरून रंग फिरवला, आणि चालत्या गाडीचं चाक निखळलं. माणूस गेला नाही, पण कंडक्टरचा पाय मोडला तो मोडलाच. चौकशीत काका उभे राहिले आणि म्हणाले, "मी पाना लावला नव्हता. साहेबांनी सांगितलं म्हणून नुसती रेघ ओढली." साहेब म्हणाले, "मी असं कधी बोललोच नाही." काका घरी, साहेब खुर्चीत.

दुसऱ्या दिवशी ताई वर्कशॉपच्या पुढच्या गेटसमोर जाऊन बसली. तिच्यामागे एकेक करत बरेच जण आले. मागणी साधी. काकांना परत घ्या, आणि खोटी रेघ ओढायला कुणाला सांगू नका. बसायच्या अटीही तिनंच घातल्या. हात उचलायचा नाही. शिवी द्यायची नाही. लोकांची गाडी अडवायची नाही. खोटं बोलायचं नाही, आपल्या फायद्याचं असलं तरी नाही. आणि बूट काढून बसायचं.

"हे बूट कशाला?" वेल्डरनं विचारलं. वेल्डर म्हणजे आडदांड गडी, बोलतो तेव्हाही ठिणग्या उडतात. "देवळात आलोय का आपण?"

"तुझ्यासारख्यांसाठीच," ताई म्हणाली. "तू उठून धावलास तर निदान बूट घालेपर्यंत तरी मला वेळ मिळेल."

हसले सगळे. बूट काढले. गेटसमोर बुटांची रांगच लागली, आणि मागे मोज्यांच्या वासात माणसांची.

साहेबांनी काय केलं, कंत्राटी ड्रायव्हर आणले आणि मागच्या गेटनं गाड्या काढायला सुरुवात केली. सोबत चार दांडगे आणले, गेटसमोर बसलेल्यांना बघून दात काढायला. ते रोज येऊन रांगेतले बूट लाथेनं उडवायचे. ताई उठायची, एकेक बूट गोळा करून परत जागेवर लावायची. कुणाचा कुठला ते तिला पाठ झालं होतं.

"ताई, अगं किती दिवस?" भुंगा कुरकुरायचा. "गाड्या तर सुटतायत. साहेबाला कुठं काय टोचतंय?"

"टोचेल."

"कधी? काका मेल्यावर?"

संध्याकाळी घरी गेली की आई विचारायची, "काय म्हणाले?" आणि ती म्हणायची, "काही नाही म्हणाले."

एके दिवशी त्या दांडग्यांनी जळक्या ऑइलचा डबा आणला. आधी बुटांच्या रांगेवर ओतला. मग उरलेला हवाकाकांच्या डोक्यावर. सावकाश. काका हलले नाहीत. डोळे मिटून बसले, काळं ऑइल भुवयांवरून, नाकावरून खाली. वेल्डर उठलाच होता. ताईनं त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला. अख्ख्या अंगाचं वजन घालून. "बस. बस रे. तुझ्या पाया पडते, बस."

तो बसला. रडत बसला. तिनं आपल्या ओढणीनं काकांचे डोळे पुसले. आणि या सगळ्यात तिनं मागे वळून भुंग्याकडे बघितलंच नाही. भुंगा उठला नव्हता, ओरडला नव्हता. भुंगा गप्प होता. तिथंच तिची चूक झाली. भुंगा गप्प म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हातपाय धुवायला नळावर गेले आणि परत येऊन बसले. भुंगा सगळ्यांच्या मागनं आला, चहाचे ग्लास घेऊन. आज गडी भलताच खूश. सगळ्यांना चहा वाटला, काकांना दोनदा दिला. मग ताईच्या हातात ग्लास दिला.

त्याच्या अंगठ्याला पिवळा रंग होता. ओला.

रंगाचे डबे वर्कशॉपच्या आत. बसायला लागल्यापासून त्यांच्यातलं कुणी आत गेलेलं नव्हतं.

"भुंग्या, इकडे ये." ती त्याला भिंतीच्या आडोशाला घेऊन गेली. "आत गेला होतास?"

"हळू बोल की."

"गेला होतास का?"

"गेलो होतो." तो हसला. "ताई, ऐक तरी. कुणाला काही होणार नाही. डोंगरउताराची गाडी आहे ना, तो नवा ड्रायव्हर मफलर नेतो ती? तिच्या पुढच्या चाकाचे नट ढिले केले. बास. तो सकाळी वाकून बघणार, रेघा तुटलेल्या दिसणार, टरकणार. मग सगळेच ड्रायव्हर टरकतील. एक गाडी हलणार नाही. हात उचलला का मी? नाही. शिवी दिली? नाही. लोकांचं नुकसान? काही नाही. तुझ्या सगळ्या अटी पाळल्यात."

"आणि रंग?"

"काय रंग?"

"रेघ तुटलेली दिसणार होती ना? मग तुझ्या अंगठ्याला रंग कुठून आला?"

भुंग्यानं अंगठा डोळ्यासमोर धरला. दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. पूस, फिरव, ओढ. ताईला दिसत होतं, तो मनातल्या मनात परत त्या चाकापाशी उकिडवा बसलाय आणि आपला हात काय काय करतोय ते आठवतोय.

"ताई," तो म्हणाला. "ताई गं, मी ओढली."

नट ढिले. आणि त्यांच्यावर सरळ, सुबक, ओलीचिंब पिवळी रेघ. तिनंच शिकवलेली.

"गाडी?"

"गेली. मघाशीच. स्टँडला लागली असेल."

ताईनं साहेबांना फोन लावला. त्यांनी कापला. परत लावला, परत कापला. बसायला लागल्यापासून ते तिचा फोन घेतच नव्हते. मफलरचा नंबर कुणाकडेच नव्हता, कंत्राटी माणूस, काल-परवा आलेला. स्टँडला जायचं तर रस्त्यानं मोठा वळसा. वर्कशॉपच्या अंगणातून गेलं तर मागचं गेट, आणि समोरच स्टँड. गाडी भरली की सुटणार. उतार लागायच्या आधी गावातले दोन-तीन चढ. आणि मग उतार.

बूट ऑइलमध्ये भिजून गोळा झालेले. ते घालत कोण बसतंय? ती पुढच्या गेटच्या फटीतून आत शिरली आणि धावली. राखणदार ओरडला, "ए, ए बाई!" अंगणभर तोच कीस, त्याच कपच्या. ज्या जमिनीवर पाऊल टाकता येत नाही म्हणून ती इतकी वर्षं बूट काढत आली, त्याच जमिनीवरून ती पळत सुटली. पहिल्या चार पावलांत काहीतरी टाचेत घुसलं. पुढचं तिला कळलं नाही.

कळत होतं ते डोक्यातलं. नुसतं म्हणायचं, चाकं बघा. का, ते सांगायचं नाही. पण नुसतं म्हटलं तर ऐकेल का मफलर? म्हणेल, संपवाल्यांची नाटकं. मग म्हणायचं, मी केलं. रंग माझाच आहे, पिवळा. सगळ्यांना पटेल. भुंगा सुटेल. आईचा एक तरी... आणि मग हवाकाका? त्यांनी खरं बोलून नोकरी घालवली आणि तिनं त्यांना म्हटलं होतं, काका, तुम्ही बरोबर केलं. ते कुठल्या तोंडानं म्हटलं होतं?

मागच्या गेटमधून ती बाहेर पडली तेव्हा गाडी सुरू झाली होती. भरलेली. खिडकीतून कुणीतरी पोराचं नाक पुसत होतं. ती गाडीच्या समोर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

मफलरनं हॉर्न वाजवला. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून ते नाव. डोकं बाहेर काढलं. "बाजूला हो ताई! तुमची अट ना, गाडी अडवायची नाही म्हणून?"

"उतर. पुढचं चाक बघ."

"बघूनच काढलीय. रेघ सरळ आहे. तुझीच आहे, पिवळी."

"खोटी आहे."

"काय?"

"रेघ खोटी आहे. उतर, बाबा. हात लावून बघ."

तो उतरला. नाइलाजानं, बडबडत. चाकापाशी वाकला आणि दोन बोटांनी नट धरला. नट फिरला. बोटांनी. बाटलीचं झाकण फिरावं तसा. मफलरनं गळ्यातला मफलर काढला, तोंडावरून फिरवला आणि तिथंच चाकाला टेकून खाली बसला.

मग गर्दी झाली. गाडीतले उतरले. कुणीतरी विचारलं, काय झालं, कुणीतरी सांगितलं, चाक निघणार होतं. संपवाल्यांनी केलं म्हणे. एक बाई पोराला कडेवर घेऊन आली आणि तिनं ताईच्या थोबाडीत मारली. खाडकन. "माझी दोन लेकरं होती आत!"

ताईच्या पायांतून राग वर आला. आलाच. पण पाय रक्तानं जमिनीला चिकटले होते, आणि ती बाई बरोबर होती. ताई म्हणाली, "हो." एवढंच.

तेवढ्यात साहेब आले, हवालदाराला घेऊन. दुसऱ्या बाजूनं रस्त्यानं धापा टाकत वेल्डर आणि बाकीचे आले, काकाही आले, सगळे अनवाणी. साहेबांनी नट बघितला आणि आज पहिल्यांदा घड्याळ बघायला विसरले.

"हे तुमचं सत्य," ते म्हणाले. "ही तुमची अहिंसा. बघा लोकहो. कुणी केलं हे?"

वेल्डर ताईच्या कानाशी आला. "म्हण ना, त्यांच्याच भाडोत्री गुंडांनी केलं. आपल्याला बदनाम करायला. सगळे मानतील. काल ऑइल ओतताना अर्ध्या गावानं बघितलंय त्यांना."

खरंच मानलं असतं. चेहऱ्यांवर दिसत होतं. एक शब्द, आणि साहेब संपले असते. काका परत आले असते. भुंगा घरी जेवला असता.

ताईनं काकांकडे बघितलं. काकांच्या कानामागे अजून काळं ऑइल होतं. त्यांनी मानही हलवली नाही.

"आधी नट आवळू द्या," ताई म्हणाली. "मग सांगते."

"आधी नाव," हवालदार म्हणाला.

"आमच्याच बाजूचं काम आहे," ती म्हणाली. "त्याला मारायचं नव्हतं कुणाला. पण झालं असतं. रेघ त्यानं ओढली, आणि ती ओढायला मी शिकवलं. माझा भाऊ आहे."

वेल्डरनं कपाळावर हात मारून घेतला. मागे कुणीतरी "विकलं आपल्याला" असं म्हणालं. आणि गर्दी बाजूला झाली, कारण मागनं कुणीतरी वाट काढत येत होतं.

भुंगा. हातात तिचा पाना. दुसऱ्या हातात तिचे ऑइलनं भिजलेले बूट. त्यानं ऐकलं होतं. त्यानं बूट तिच्या पायांपाशी ठेवले, तिच्या तोंडाकडे न बघता चाकापाशी बसला आणि एकेक नट आवळला. शेवटपर्यंत, दम लागेपर्यंत. हवालदार थांबला. मग भुंग्यानं खिशातलं फडकं काढून ओली रेघ पुसून टाकली, आणि उठून दोन्ही हात पुढे केले.

आईनं त्या रात्री दोन ताटं वाढली. एक स्वतःला, एक भुंग्याच्या जागेवर, रिकाम्या. "तुझं तू घे," ताईला म्हणाली.

सकाळी ताई गेटसमोर येऊन बसली. पायांना चिंध्या बांधलेल्या. सुरुवातीला एकटीच होती. वेल्डर आला नाही. बरेच जण आले नाहीत. काका आले, नेहमीसारखे शेजारी बसले. बुटांची रांग एवढीशी. आत साहेब खुशीत असणार, असं सगळ्यांना वाटत होतं, तिलाही.

गाड्या काढायची वेळ झाली. एकही गाडी हलली नाही. थोड्या वेळानं मफलर पुढच्या गेटनं बाहेर आला. मागे बाकीचे कंत्राटी ड्रायव्हर.

"साहेब म्हणतायत, सगळ्या चाकांवर नवीन रेघा मारल्यात, गाड्या काढा," मफलर म्हणाला. "मी विचारलं, कुणी मारल्या? म्हणतात, तुला काय करायचंय? मला काय करायचंय! त्या गाडीत मी बसतो की साहेब बसतात?"

ताईनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"तू येऊन बघत नाहीस तोवर आम्ही गाडी काढणार नाही," तो म्हणाला. "तुझ्या रेघेवर माझा भरवसा आहे असं नाही हां. कालच बघितलीय तुझी रेघ." त्यानं मफलर सैल केला. "पण खोटी असली तर तू सांगायला येशील. तेवढं कळलं."

तो खाली बसला आणि बूट काढून रांगेत ठेवले. त्याच्या मोज्याला भोक होतं. काका म्हणाले, "अरे, तुझा अंगठा बाहेर येऊन संपात बसलाय," आणि कित्येक दिवसांनी कुणीतरी हसलं. ताई मात्र हसली नाही. दुपारी साहेबांनी तिला आणि काकांना आत बोलावलं. बोलणी सुरू झाली. काय ठरेल ते अजून कुणालाच माहीत नाही.

त्याआधी ती चौकीवर जाऊन आली. भुंगा बाकावर बसला होता, भिंतीकडे तोंड करून. ती शेजारी बसली. भुंगा आणि गप्प.

"गाड्या काढल्या?" त्यानं भिंतीलाच विचारलं.

"नाही. ड्रायव्हरच म्हणाले, नाही काढत."

"हं." मग म्हणाला, "पाय बघू."

तिनं पाय वर केले. त्यानं चिंध्या बघितल्या. त्याच्या अंगठ्यावरचा पिवळा रंग तसाच होता, वाळून तडकलेला.

"हे घासून काढलं नाहीस?"

"रॉकेल मागितलं हवालदाराकडे. म्हणाला, चौकी पेटवतोस का?"

ती हसली नाही. तोही नाही.

"ताई, मी पाना घेऊन येत होतो," तो म्हणाला. "गर्दीत मागेच होतो. थोडी थांबली असतीस तर मीच बोललो असतो. तू थांबली का नाहीस?"

हेच. हेच तिला कालपासून आतून कुरतडत होतं. आपण त्याला तारलं की त्याच्या तोंडचं काढून घेतलं? तिनं विचारलं, कारण न विचारता तिला तिथून उठताच आलं नसतं.

"बोलला असतास?"

भुंग्यानं तोंड उघडलं. हो म्हणणार होता. दिसत होतं, हो अगदी जिभेवर आला होता. मग त्यानं आपल्या अंगठ्याकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही."

ताईनं त्याचा हात आपल्या हातात घेतला, शिकवताना घ्यायची तसा, आणि नखानं तो पिवळा रंग खरवडायला लागली. लवकर निघत नव्हता.